गनीडॉक्टरांचं पथ्य

नांदुऱ्याचं नाव काढलं की पुण्यातल्या माझ्या भाचेसुना नाक मुरडतात. "तिकडे काय आहे हो मावशी? कापूस आणि ऊन!" आहेच. कापूसही आहे आणि ऊनही आहे, लाजायचं काय त्यात? पण मुंबईसारख्या शहरानं जिला जागा नाही म्हणून सांगितलं, ती व्हिएन्नाची डॉक्टरीण आमच्या नांदुऱ्यानं ठेवून घेतली, हे या पोरींना कोण सांगणार? मीच सांगते. आणि ती डॉक्टरीण आपोआप राहिली नाही. तिला ठेवून घेणारा एक माणूस होता. त्या माणसाबद्दल बोलताना माझा आवाज चढतो असं घरात सगळे म्हणतात. चढू दे.

डॉक्टर गनी. गाव त्यांना गनीडॉक्टर म्हणायचं. मी तेव्हा नांदुऱ्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. मूळची मी अमरावतीची. आई आणि मी त्यांच्या दवाखान्यासमोरच्या माडीवर भाड्यानं राहायचो, त्यामुळे त्यांचा सगळा आरडाओरडा आम्हाला घरबसल्या ऐकायला मिळे. "मरायचं असंन तं घरी मर ना बे! माझ्या दवाखान्यात काऊन येतं?" हे सकाळचं पहिलं वाक्य. त्यानंतर त्याच माणसाला आतून दूध आणवून पाजत. लाल तुर्की टोपी, काळी शेरवानी, आणि हातात उन्हाळा-हिवाळा एक भली मोठी छत्री. छत्री उघडलेली मी फारशी पाहिली नाही. ती पेशंटला ढोसायला, दमणीवाल्याला, म्हणजे छोटी बैलगाडी हाकणाऱ्याला, थांबवायला आणि खूश झाले की जमिनीवर आपटायला होती. कोणाचं तोंडावर कौतुक करायची त्यांना सवयच नव्हती. छत्री एकदा आपटली की समजायचं, डॉक्टर खूश आहेत.

कोणाच्याही घरी गेले की पेशंटकडे न बघता आधी पाणी मागायचे. सावकाश प्यायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अवो बाई, घरचे सगळे घाबरून राहतात. डॉक्टर बसून पाणी प्याला म्हणजे त्याहिले वाटते, अजून वेळ आहे." असा माणूस.

पण हा माणूस बायकांपर्यंत पोचत नव्हता. मोहल्ल्यातल्या मुसलमान घरांत नाही आणि पाटील-देशमुखांच्या घरांतही नाही. नवरा किंवा भाऊ येऊन बाहेरूनच हकीकत सांगायचा आणि बाटली भरून न्यायचा. फार तर पडद्याआडून एक हात बाहेर यायचा. वडनेर भोलजीला दिलेली त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात अशीच गेली. भाऊ डॉक्टर, दमणी जुंपून दारात हजर, आणि सासरच्यांनी आत सोडलं नाही. ही गोष्ट ते एकदाच बोलले, माझ्या आईजवळ. "मी ओट्यावर बसून राह्यलो, माय. आतला आवाज बंद होयेपर्यंत बसून राह्यलो. डॉक्टर होतो ना मी!" आई त्या दिवशी जेवली नाही.

म्हणून मुंबईच्या त्यांच्या एका मित्रानं जेव्हा सांगितलं, की व्हिएन्नाहून पळून आलेली एक डॉक्टरीण इथे आहे, घरगुती दवाखाना चालवायची, आता तिला कुठेच जागा नाही, आणि इथले डॉक्टर आधीच कुरकुरतात, तेव्हा गनीडॉक्टरांनी एका वाक्यात निकाल लावला. "पाठवून दे इकडे, आमच्या बायका मरून राह्यल्या." मग शेरवानीला इस्त्री करून स्वतः नागपूरला गेले. वऱ्हाडचा सगळा कारभार तेव्हा नागपुरातून. तिची परदेशी पदवी तिथे मान्य करून घेईपर्यंत ते हलले नाहीत. कचेरीतला कारकून म्हणे कंटाळून गेला होता. त्यात मला नवल वाटत नाही.

ती गाडीतून उतरली तेव्हा स्टेशनवर मीही होते. मला इंग्रजी येतं म्हणून मला नेलं होतं. चाळिशीची, हडकुळी बाई, भर उन्हात लोकरीचा कोट, हातात चामड्याची बॅग, आणि बॅग कुणाच्याही हातात द्यायला तयार नाही. हमाल ओरडला, "मडम, मडम!" गनीडॉक्टरांनी त्याला छत्रीनं ढोसलं. "मडम नाही बे. डॉक्टर आहेत त्या. डॉक्टर म्हण." त्या दिवसापासून शेवटपर्यंत गनीडॉक्टरांनी तिला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही. तिचं नाव हाना. गावानं हानाबाई केलं. गनीडॉक्टर मात्र ती खोलीत आली की उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "या डॉक्टर."

आपल्याच दवाखान्याची अर्धी जागा त्यांनी तिला भिंत घालून दिली. पाटी लावली, बाहेर बाक टाकला. शाळा सुटली की मी दुभाषी म्हणून तिथे जायची.

आणि लढाई लागली. हानाबाईंना यहुदी म्हणून ज्या मुलखानं हाकलून दिलं होतं, त्याच मुलखाच्या म्हणून त्या आता इंग्रज सरकारच्या शत्रू ठरल्या. आहे की नाही गंमत? बुलढाण्याहून जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबांनी कळवलं, की हिवाळ्याच्या दौऱ्यात आम्ही नांदुऱ्याला येऊ. या डॉक्टरणीची गावाला गरज आहे असं दिसलं तर राहू देऊ. नाही दिसलं तर तारेच्या कुंपणातली छावणी. ते ऐकून हानाबाईंनी नुसती मान हलवली. कुंपण त्यांना नवीन नसावं. मला मात्र रडू आलं, कारण बाकावर कोणी बसतच नव्हतं.

नवलाई म्हणून पहिल्या पहिल्यांदा बायका आल्या होत्या. बाई आत यायची, पदर सावरून हात पुढे करायची. हानाबाई हात बाजूला ठेवून विचारायच्या, कुठे दुखतं? कधीपासून? रात्री जास्त की सकाळी? ती बाई सासूकडे बघायची, सासू माझ्याकडे. बाहेर पडल्यावर आमच्याच माडीखाली त्यांचं बोलणं व्हायचं. "हिले काहीच समजत नाही व माय! मलेच इचारते!" "आन् मी इचारलं पथ्य काय, तं म्हने सगळं खा. सगळं खा म्हंते! असा कोठं डाक्तर राह्यते काय?"

त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं. डॉक्टरनं हात धरायचा आणि रोग त्यानं सांगायचा, अशी आमच्याकडची रीत. पेशंटनंच सांगायचं तर डॉक्टर कशाला? आणि औषध सांगून पथ्य न सांगणारा डॉक्टर म्हणजे अर्धवटच. औषध एक वेळ चुकलं तर चालेल, पथ्य चुकायला नको, असा आमच्या बायकांचा हिशेब.

गनीडॉक्टरांनी हे भिंतीपलीकडून सगळं ऐकलं आणि एका दुपारी छत्री घेऊन आत आले. दोघं इंग्रजीत भांडले. पण गनीडॉक्टर इंग्रजी बोलायचे तेही वऱ्हाडीच वाटायचं, म्हणून मी तसंच सांगते.

"डॉक्टर, आधी हात धरत जा. मंग दुसरं काम."

"मी ज्योतिषी नाही," हानाबाई ताडकन म्हणाल्या. "मनगट धरून डोळे मिटायला मी नाही शिकले."

"डोळे कोण मिटा म्हणते? उघडे ठेवा ना! हात धरल्या धरल्या नखं पाहा, पापणी पाहा, श्वास कसा चालून राह्यला ते पाहा. आणि घाई करू नका. त्या बाईचा हात कोणी असा धरून बसलंच नाही आजपर्यंत. तेवढा वेळ तिले द्या. ती आपोआप बोलते."

गनीडॉक्टरांनी पुढचं सांगितलं. "आणि प्रश्न पेशंटले नाही, सासूले विचारा. सुनेची सगळी हकीकत सासूले पाठ असते. फक्त तिले कोणी विचारत नाही. आणि जाताना काहीतरी पथ्य सांगा."

"खोटं पथ्य मी सांगणार नाही!"

"मंग खरं सांगा. पण काहीतरी बंद करा बाप्पा! काहीच बंद केलं नाही तं त्याहिले वाटते, या डॉक्टरले आपली किंमतच नाही."

त्यावर हानाबाई इतक्या चिडल्या की आपल्या भाषेत काय काय बोलल्या. गनीडॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "शिव्या देऊन राह्यल्या काय?" मी म्हटलं, बहुतेक. "देऊ द्या," म्हणाले, "त्या बिचाऱ्यांचं ऐकायले दुसरं आहे कोण?" आणि गेले. पुढचे काही दिवस दोघांमध्ये बोलणं नव्हतं. भिंतीच्या एका बाजूला हे फणफणत, दुसऱ्या बाजूला त्या.

मग वडनेरकडची एक सून आली. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले, ओठ पांढरे. बरोबर सासू, खमकी. हानाबाईंनी मुकाट्यानं हात धरला. आणि सोडलाच नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले. बऱ्याच वेळानं ती पोरगी स्वतःच बारीक आवाजात म्हणाली, "चक्कर येते, बाई." सासूला विचारलं, तर सासूनं अगदी लग्नापासूनची कहाणी सांगितली. औषध दिलं. सासू उठेना. "आन् पथ्य?"

हानाबाईंनी त्या पोरीच्या पायांकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "सांग यांना, पथ्य फार कडक आहे. बाळंत होईपर्यंत हिनं डोक्यावरून पाणी आणायचं नाही. आणि घरात सगळ्यांच्या आधी जेवायचं."

मी भीतभीतच सांगितलं. सासूचा चेहरा गंभीर झाला.

"पानी बंद?"

"बंद."

"आन् आंधी जेवाचं? आमच्या आंधी?"

"पथ्य आहे," मी म्हटलं.

म्हातारीनं विचार केला. वाद घातला नाही हो! "पथ्य हाय तं पाळाच लागन," म्हणाली आणि सुनेला धरून बाहेर नेलं.

त्या दोघी ओटा उतरतात न उतरतात तोच भिंतीपलीकडून छत्रीचा आवाज आला. गनीडॉक्टर आत आले ते धापा टाकत. "बाप्पा! बाप्पा रे! मी इतकी वर्षं वांगं बंद, आंबट बंद, गूळ बंद करत बसलो. बाईचं काम बंद करता येते हे मले सुचलंच नाही कधी!" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी स्टेशनपासून बाजारापर्यंत सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. दुसऱ्याच्या हुशारीनं इतका आनंदलेला डॉक्टर मी त्याआधीही पाहिला नव्हता, नंतर तर नाहीच नाही. आमच्याकडे शेजारच्या दवाखान्यात गर्दी झाली तर डॉक्टरांच्या पोटात दुखतं, हे काय मला माहीत नाही?

हानाबाईंना मग ती युक्ती सापडली. कोणाला पथ्य म्हणून दुपारची झोप, कोणाला उपास बंद, कोणाला धुराच्या चुलीपुढे बसणं बंद. आणि बोलणंही येऊ लागलं. मी शुद्ध पुस्तकी मराठी शिकवायची आणि त्या बाहेरून "मले सांग व माय, काय होऊन राह्यलं" असं शिकून यायच्या. मी कपाळाला हात लावायची. पेशंट मात्र हसून बोलायला लागायच्या.

तरी बाक भरत नव्हता. सासू सुनेला घेऊन एकदा यायची, पण घरातलं मोठं दुखणं आलं की पुरुष गनीडॉक्टरांच्याच दारात. वर्षानुवर्षांची सवय. दौरा जवळ आला. "साहेब आले आन् बाक रिकामा दिसला तं?" गनीडॉक्टर आईला म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बसल्यासारखा वाटला.

आणि मग त्या बाजारच्या दिवशी ते जे वागले ते गनीडॉक्टरच वागू जाणे. खेड्यापाड्यांतल्या गाड्या आलेल्या, रस्ता माणसांनी भरलेला. गनीडॉक्टर आपल्या दवाखान्यातून निघाले, भिंतीच्या पलीकडे गेले आणि हानाबाईंच्या बाकावर जाऊन बसले. शेरवानी, टोपी, मांडीवर छत्री. पुढे दोन बायका होत्या. त्या घाबरून उठल्या, तर त्यांना खाली बसवलं. "नंबर तुमचा आहे माय. मी मागून आलो." रस्ता थांबला. खरंच थांबला.

"डाक्तरसाहेब, तुम्ही इथं?"

"काऊन? मले बिमारी होऊ नाही काय?"

"मंग सोताच घ्या ना औषध."

"माझी पाठ मले दिसते काय बे? दुसऱ्या डॉक्टरले दाखवा लागते. चांगला डॉक्टर जवळ आहे, म्हणून आलो."

नंबर आल्यावर आत गेले आणि दार उघडंच ठेवायला लावलं. मी आतच होते. मुकाट हात पुढे केला, अगदी खेड्यातल्या पेशंटसारखा. हानाबाईंना सोंग कळलं होतं, ओठ दाबून त्यांनी मनगट धरलं. मग त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. हात सोडेनात. नळी काढून छातीला लावली, पाठीला लावली, पुन्हा मनगट धरलं.

"झालं आता, लोकांनी पाह्यलं," गनीडॉक्टर हळूच इंग्रजीत म्हणाले. "सोडा हात."

"गप्प बसा," हानाबाई म्हणाल्या. "हे किती दिवसांचं आहे? जिना चढताना थांबावं लागतं ना? ठोका चुकतो. तुम्हाला कळत नाही असं मला सांगू नका."

ते छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले. म्हणजे त्यांना माहीत होतं! भिंतीपलीकडे बसून स्वतःचं दुखणं दाबून हा माणूस दुसऱ्यांवर ओरडत होता. मला इतका राग आला त्यांचा!

"तंबाखू बंद," हानाबाई आता मोठ्यानं, वऱ्हाडीत म्हणाल्या. "आन् रात्री दमनीनं खेड्यावर जाणं बंद. एकदम बंद."

दारातली गर्दी ऐकत होती. रात्रीचं बोलावणं म्हणजे गनीडॉक्टरांचा जीव की प्राण. रात्री जो येतो तोच खरा डॉक्टर, असं गाव मानायचं, आणि ते तर कधी कोणाला नाही म्हणालेच नव्हते. हसून उडवून लावलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. पण मग हानाबाईंचं पथ्य त्या गावात पुन्हा कोणी पाळलं असतं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. खिशातली तंबाखूची चंची काढून टेबलावर ठेवली. बाहेर आले.

"काय सांगतलं, डाक्तरसाहेब?"

"पथ्य सांगतलं," गनीडॉक्टर म्हणाले. "कडक आहे. पाळणार आहे मी. आजपासून रात्रीचं मी कोठं येणार नाही. रात्रीचं डॉक्टर येतील, माझीच दमणी घेऊन. आणि जो त्याहिले दारातून परत पाठवंन, त्यानं माझ्याकडे दिवसाही यायचं नाही. समजलं काय बे?"

समजलं. तेव्हापासून रात्रीच्या हाकेला हानाबाई जाऊ लागल्या, आणि जी दारं गनीडॉक्टरांना आयुष्यभर बंद होती ती त्यांच्यासाठी आतून उघडली. वडनेरच्या त्या सुनेचं बाळंतपण त्यांनीच केलं. आई-बाळ दोघं सुखरूप. ते ऐकून गनीडॉक्टर आमच्या जिन्याच्या पायरीवर बसले आणि टोपी काढून तोंड झाकून रडले. आई शेजारी बसून राहिली.

साहेब आले तो दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. सकाळपासून आमच्या गल्लीत दमण्यांवर दमण्या. कोणाला कापडाचा पडदा, कोणाला सतरंजी बांधलेली. गनीडॉक्टर शपथ घेऊन सांगायचे की मी कोणाला बोलावलं नाही. खोटं बोलायचा तो माणूस नव्हता, पण त्यांच्या दमणीवाल्यानं नक्की बोंब ठोकली असणार. साहेब घोड्यावरून आले, बरोबर तहसीलदार. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. साहेबांनी विचारलं, हे सगळे कोण? "पेशंट," गनीडॉक्टर म्हणाले. "पण साहेब, त्या पुरुषांशी बोलणार नाहीत. तुम्ही विचारून पाहा."

तहसीलदारांनी एका दमणीजवळ जाऊन पडद्यापाशी विचारलं, "बाई, तुम्हाला या डॉक्टरची गरज आहे काय?"

आतून म्हातारा, खणखणीत आवाज आला. "साहेबाले म्हना, आंधी बाजूले व्हा. नंबर आमचा हाय."

तहसीलदारांनी त्याचं इंग्रजी केलं तेव्हा साहेब खरंच बाजूला झाले. बाजूला उभे राहून बराच वेळ बघत राहिले. आत गेलेच नाहीत. जाताना गनीडॉक्टरांना म्हणाले, डॉक्टर इथेच राहतील. गनीडॉक्टरांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी छत्री आपटली आणि आपल्या दवाखान्यात जाऊन पहिल्याच पेशंटवर ओरडायला लागले.

पुढे लढाई संपली. त्यांच्या दवाखान्यातली गर्दी हळूहळू भिंतीपलीकडे सरकली. गनीडॉक्टरनं आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली, असं बाजारात चार लोक म्हणायचे. त्यांच्या कानावर गेलं की ते म्हणायचे, "पाय माझा, कुऱ्हाड माझी, तुमचं काय जाऊन राह्यलं?"

माझी बदली खामगावला झाली त्या सकाळची गोष्ट. सामान टांग्यात चढवलं, आईला बसवलं. समोर गनीडॉक्टर ओट्यावर ऊन खात बसले होते. शेरवानी आता अंगावर सैल झाली होती. मी नमस्कार करायला गेले. तेवढ्यात एक दमणी येऊन थांबली. आतून एक तरुण सून उतरली, पहिल्यांदाच या बाजूला आलेली असावी. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि गनीडॉक्टरांना विचारलं, "बाबा, इथं डाक्तर कोठं राह्यतात?"

ज्या नांदुऱ्यात त्यांनी आयुष्य घालवलं, जिथलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना ओळखायचं, तिथे हा प्रश्न! मी तोंड उघडणार, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. काठीचा आधार घ्यावा तसा भिंतीचा आधार घेत उठले.

"ते बाजूचं दार, माय. डॉक्टर आतच आहेत. जा, घाबरू नको."

"तुम्ही कोन?"

"मी? मी याच मोहल्ल्यातला."

ती आत गेली. गनीडॉक्टर माझ्याकडे वळले. सगळा चेहरा हसत होता, डोळ्यांत पाणी.

"पाह्यलं काय बाई?" म्हणाले. "मले वळखलंच नाही तिनं!"